बोटीच्या डिझेल इंजिनाचा रॉ वॉटर पंप: गळती ओळखण्यापासून पंप खोलून पुन्हा बसवेपर्यंत

इंजिन सुरू झालं की मीटरकडे बघण्याआधी कडेवरून वाकून एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते बघावं. ते पाणी रॉ वॉटर पंपाने, म्हणजे इंजिन गार ठेवायला बाहेरचं पाणी आणणाऱ्या पंपाने, खेचून आणलेलं असतं. ते थांबलं तर टेंपरेचरचा काटा वर चढायला थोडा वेळ जातो, पण एक्झॉस्ट लगेच सांगतो. आवाज कोरडा आणि मोठा होतो, पांढरी वाफ दिसू लागते, आणि ज्या रबरी होजला पाण्याने गार राहायचं असतं तो तापायला लागतो. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करायचं. बाकीचा विचार नंतर.

या पंपाचं काम वरवर साधं आहे. सी-कॉकमधून (बोटीत पाणी घेणाऱ्या झडपेतून) आणि जाळीतून बाहेरचं पाणी ओढायचं, ऑइल कूलर आणि हीट एक्स्चेंजरमधून (इंजिनाची उष्णता या पाण्याला देणाऱ्या नळ्यांच्या डब्यातून) ढकलायचं आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोत, म्हणजे वळणाच्या नळीत, सोडायचं. पण दुरुस्ती करताना बहुतेक जण एकाच गोष्टीवर थांबतात: इंपेलर (आतलं रबरी चक्र) बदलला किंवा सील (शाफ्टभोवतीची पाणी अडवणारी रिंग) बदललं की झालं. मग तोच पंप थोड्याच दिवसांत पुन्हा गळतो आणि दोष नव्या सीलला दिला जातो. माझ्या मते सील सहसा निर्दोष असतं. ते ज्या शाफ्टवर, म्हणजे इंपेलर फिरवणाऱ्या दांड्यावर, चालतं तो शाफ्ट खराब झालेला असतो आणि त्याच्याकडे कोणी नीट पाहिलेलं नसतं. म्हणून या लेखात इंपेलरपेक्षा शाफ्टबद्दल जास्त लिहिलं आहे.

पंपाच्या आत काय आहे

गोल पोकळीत रबरी पाकळ्यांचा इंपेलर फिरतो. पोकळीच्या एका बाजूला कॅम नावाचा फुगीर तुकडा बसवलेला असतो. पाकळी कॅमवर आली की वाकते, दोन पाकळ्यांमधली जागा आक्रसते आणि पाणी बाहेर ढकललं जातं. कॅम ओलांडला की पाकळी सरळ होते, जागा वाढते आणि नवं पाणी ओढलं जातं. पाकळ्यांना वंगण पाण्याचंच. पाण्याविना चालला तर इंपेलर मिनिटाभरातही जळू शकतो.

पोकळीच्या तोंडावर कव्हर असतं. इंपेलरच्या मागे वेअर प्लेट (झीज सोसणारी चकती), तिच्या मागे पाण्याचं सील, मग थोडी मोकळी जागा, मग ऑइल सील आणि शेवटी बेअरिंगं. मधल्या मोकळ्या जागेला बॉडीच्या खालच्या बाजूला एक भोक किंवा खाच असते. तिला वीप होल म्हणतात. सील गळलं तर पाणी बेअरिंगपर्यंत न जाता इथून बाहेर पडावं, यासाठी ती ठेवलेली असते. त्याच जागेत शाफ्टवर एक रबरी रिंग असते, तिला स्लिंगर म्हणतात. शाफ्टवरून सरकत येणारं पाणी ती फिरता फिरता बाहेर फेकते. ही रिंग दिसायला क्षुल्लक असल्यामुळे जोडणीत सगळ्यात जास्त विसरली जाते.

आधी निदान, मग पाना

पंपाखाली पाणी दिसलं म्हणून लगेच पंप खोलू नका. पंप फडक्याने कोरडा पुसा, कव्हरच्या कडेला आणि वीप होलखाली टिश्यू पेपर लावा आणि इंजिन काही मिनिटं चालवा. पट्टा किंवा पुली फिरत असेल तर कागद इंजिन बंद असतानाच लावायचा आणि काढायचा. हात फिरत्या भागांजवळ न्यायचा नाही.

कागद कव्हरच्या कडेला भिजला तर कव्हरचं पॅकिंग किंवा ढिला स्क्रू. वीप होलखाली पाण्याने भिजला तर पाण्याचं सील. वीप होलमधून तेल आलं तर ऑइल सील. गंजाच्या रंगाचं पाणी आलं तर समजा की पाणी बेअरिंगपर्यंत पोचलं आहे. होजच्या क्लिपपाशी गळत असेल तर पंपाला हात लावायची गरजच नाही.

वीप होलमधून ठिबकतंय म्हणून तिथे एम-सील भरलेले पंप पाहायला मिळतात. हे कधीही करू नका. भोक बुजलं की पाण्याला जायला एकच वाट उरते, आत. पट्ट्यावर चालणाऱ्या पंपात बेअरिंगं जातात. इंजिनाच्या गिअरवर थेट बसणाऱ्या पंपात खारं पाणी ऑइल सील ओलांडून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. मिठाच्या खपल्यांनी आणि गंजाने भोक आपोआप बुजलं तरी तोच परिणाम, म्हणून अधूनमधून तारेने ते साफ करावं. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं तर इंजिन चालवू नका. पंप दुरुस्त झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला, इंजिन थोडा वेळ चालवून पुन्हा बदला, आणि दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत हे करत राहा.

गळती नाही पण पाणी कमी येतंय, ही तक्रार वेगळी. तिथे आधी पंपाच्या अलीकडे बघा. सी-कॉक पूर्ण उघडा आहे का, जाळीत कचरा किंवा प्लॅस्टिक अडकलंय का, जाळीच्या झाकणाची ओ-रिंग हवा घेते का. झाकण पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर तिथून पाणी गळत नाही, हवा मात्र आत ओढली जाते, आणि हवा ओढणारा पंप पाणी ओढू शकत नाही. सक्शनचा जुना होजही तपासा. बाहेरून धडधाकट दिसणारा होज कधी आतून सुटून ओढीखाली चपटा होतो. पंपाच्या पुढे एक्झॉस्ट एल्बो क्षार आणि काजळीने अर्धा भरलेला असतो, तेव्हाही दोष पंपावर येतो.

सुटे भाग पंप खोलण्याआधीच आणा

पंपाच्या बॉडीवरच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो, त्यावरून रिपेअर किट मागवता येतं. किटमध्ये साधारण इंपेलर, पॅकिंग, सील, कधी बेअरिंगं आणि शाफ्टही असतो. किट मिळत नसेल तर सील आणि बेअरिंगं मापावरून मिळतात. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ 6203 म्हणजे आतला व्यास 17 मिमी, बाहेरचा 40 आणि जाडी 12. पुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे, या कामाला तेच हवं. ऑइल सीलवरची तीन मापं म्हणजे शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी.

मापावरून सील घेताना एक गोष्ट दुकानदाराला आवर्जून विचारा: ओठामागची, म्हणजे सीलच्या शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेमागची, स्प्रिंग कशाची आहे? साध्या ऑइल सीलमध्ये ती कार्बन स्टीलची असते. तेलात ती वर्षानुवर्षं टिकते, खाऱ्या पाण्यात मात्र गंजून तुटते, आणि गंजाचे कण ओठाखाली जाऊन शाफ्ट खातात. पाण्याच्या बाजूला स्टेनलेस स्प्रिंगचंच सील लावायचं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून ही चूक सहज होते.

हत्यारांत सर्क्लिपची (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) पक्कड, पुलर, व्हाइस, हीट गन आणि वेगवेगळ्या मापांची सॉकेटं असली की भागतं. छोटा प्रेस मिळाला तर उत्तमच.

पंप काढणं

सी-कॉक बंद करा आणि इंजिनाची किल्ली सी-कॉकच्या हँडलवर अडकवून ठेवा. म्हणजे सी-कॉक उघडल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही. बॅटरीचा मेन स्विच बंद करा. पंपाखाली ट्रे ठेवा. होजमधून पाणी येईल आणि गिअरवरचा पंप असेल तर थोडं ऑइलही.

फक्त इंपेलर बदलायचा असेल आणि कव्हर समोर असेल तर पंप जागेवरच खोलता येतो. कव्हर इंजिनाच्या आडोशाला असेल तर मी अख्खा पंप काढायचा सल्ला देईन. आरशात बघत एका हाताने बारीक स्क्रू काढताना एखादा बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट जागेत) पडतोच. सीलचं काम तर टेबलावरच होतं. काढण्याआधी पुली किंवा गिअरची दिशा आणि होजचा क्रम दिसेल असे फोटो घ्या.

कव्हर निघाल्यावर इंपेलर मधल्या गड्ड्याला दोन पकडींनी धरून सरळ बाहेर ओढा, किंवा इंपेलर पुलर वापरा. दोन स्क्रू ड्रायव्हर बॉडीच्या कडेवर टेकवून उचकटायची पद्धत सर्रास आहे, पण त्याने पितळी कडेवर खळगे पडतात आणि पुढे कव्हर तिथूनच गळतं. उचकटावंच लागलं तर खाली लाकडाची पट्टी ठेवा. काही इंपेलर सेट स्क्रूने किंवा सर्क्लिपने पकडलेले असतात, ते आधी बघा.

आता पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर ती पाण्याबरोबर पुढे गेली आहे आणि कुठेतरी अडकून बसली आहे. सापडलेले तुकडे टेबलावर जुळवा, इंपेलर पूर्ण होईपर्यंत शोध थांबवू नका. बहुधा ते पंपाच्या आउटलेटच्या वळणात, ऑइल कूलरच्या तोंडाशी किंवा हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडावर सापडतात. एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण काढलं की दिसतात. तिथे आधीच्या मालकांच्या काळातल्या पाकळ्याही निघतात. नळ्यांच्या तोंडावर रबर बसलेलं असताना नवा पंप कितीही चांगला असला तरी पाणी कमीच येणार.

शाफ्ट बाहेर काढणं

कॅमचा स्क्रू बाहेरून असतो. तो काढून कॅम आणि वेअर प्लेट काढा. पुली किंवा गिअर पुलरनेच काढा. हातोडीने ठोकलं तर शाफ्ट वाकतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मागची सर्क्लिप काढली की शाफ्ट बेअरिंगांसकट ड्राइव्हच्या बाजूला निघतो. म्हणजे दाब इंपेलरच्या बाजूने द्यायचा. आधी बॉडी हीट गनने तापवा. बॉडीचं कांस्य किंवा पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सुटते. तरी अडलं तर कारण शोधा. बहुतेक वेळा एखादी सर्क्लिप काढायची राहिलेली असते.

सील काढण्याआधी ते कोणत्या तोंडाने आणि कडेपासून किती खोल बसलंय ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. ही नोंद पुढे दोनदा उपयोगी पडते. सील काढताना बॉडीच्या बोअरला ओरखडा जाऊ देऊ नका. ओठाच्या सीलऐवजी काही पंपांत सिरॅमिक आणि कार्बनच्या दोन चकत्या एकमेकींवर घासणारं मेकॅनिकल सील असतं. त्यातल्या चकत्या नेहमी जोडीनेच बदला, आणि नव्या चकत्यांच्या चकचकीत बाजूला तेलकट बोट लावू नका.

आता शाफ्टकडे बघा

शाफ्ट स्वच्छ पुसून उजेडात धरा. सीलचा ओठ जिथे चालत होता तिथे एक चकचकीत पट्टा दिसेल. त्यावरून अंगठ्याचं नख शाफ्टच्या लांबीने सावकाश ओढा. नख सरळ सरकलं तर शाफ्ट ठीक आहे. अडखळलं तर तिथे घळ पडली आहे, आणि त्या घळीवर नवं सील टिकणार नाही. नव्या ओठाला गोल, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. घळीच्या खरबरीत कडांवर तो काही तासांत झिजतो.

घळ कशाने पडते? मऊ रबराने स्टील झिजतं हे पटत नाही, पण ओठाखाली मिठाचे स्फटिक, वाळू आणि स्प्रिंगचा गंज अडकतो आणि ते मिश्रण एमरीसारखं काम करतं. दुसरं कारण, बोट बरेच दिवस उभी असताना ओठाखाली कोंडलेल्या पाण्यात स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. स्टेनलेसला चांगलं राहायला प्राणवायू लागतो आणि त्या फटीत तो मिळत नाही. तिसरं कारण पट्टा. तो जरुरीपेक्षा ताणलेला असेल तर बेअरिंगं सैल होतात, शाफ्ट हलतो आणि ओठ एका बाजूला दाबला जातो. शाफ्टवर एकाच बाजूला जास्त झीज दिसली तर कारण बहुधा हेच.

घळ असेल तर सगळ्यात चांगलं म्हणजे नवा शाफ्ट. मिळत नसेल तर चांगल्या लेथवाल्याकडून 316 स्टेनलेसमध्ये करून घेता येतो, पण सीलची आणि बेअरिंगची जागा नीट फिनिश झाली पाहिजे हे त्याला स्पष्ट सांगा. दुसरा मार्ग पातळ स्टेनलेस स्लीव्हचा. सुमारे पाव मिलिमीटर जाडीची ही नळी घळीवर दाबून बसवतात आणि सील त्याच मापाचं चालतं. तिसरा मार्ग म्हणजे सील मूळ जागेपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकवून बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. आधी लिहून ठेवलेली खोली इथे कामाला येते. बॉडीत तेवढी जागा हवी आणि वीप होल झाकलं जाता कामा नये.

घळ जाईपर्यंत शाफ्ट घासणं हा मात्र उपाय नाही. व्यास कमी होतो आणि सीलची पकड जाते. किरकोळ खरखर असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने शाफ्टच्या गोलाईने घासा. लांबीच्या दिशेने गेलेला एकही ओरखडा पाण्याला वाट करून देतो.

बेअरिंग बोटावर धरून हळू फिरवा. खरखर किंवा अडखळ जाणवली तर नवं घाला. एवढं खोलल्यावर मी बेअरिंगं चांगली वाटली तरी बदलतो, कारण पुन्हा इथवर यायचं कष्ट बेअरिंगच्या किमतीपेक्षा फार मोठं आहे.

कव्हर आणि वेअर प्लेटवर इंपेलरने गोल चरे पाडलेले असतात. या दोन भागांमधून पाणी मागे निसटतं आणि पंपाची ओढ कमी होते. हलके चरे असतील तर सपाट काचेवर 400 नंबरचा एमरी पेपर ठेवून, पाणी घालून, कव्हर आठच्या आकड्यात फिरवत घासा. चरे खोल असतील आणि मागची बाजू कोरी असेल तर कव्हर उलटं लावता येतं. पितळ जागोजागी गुलाबी दिसत असेल तर त्यातलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लं आहे. तो भाग बदलाच.

जोडणी

बॉडी स्वच्छ करा, वीप होलमधून तार आरपार फिरवा. सील बसवताना स्प्रिंगची, म्हणजे उघडी बाजू ज्याला अडवायचं आहे त्याच्याकडे. पाण्याचं सील इंपेलरकडे तोंड करून, ऑइल सील तेलाकडे तोंड करून. म्हणजे दोघांची पाठ वीप होलकडे येते. बाहेरच्या व्यासाला बसेल असं सॉकेट घेऊन सरळ, सारखं दाबा. तिरकं गेलेलं सील काढून टाका आणि नवीन घ्या.

बेअरिंग शाफ्टवर चढवताना दाब फक्त आतल्या रिंगवर द्या. बॉडीत बसवताना बाहेरच्या रिंगवर. उलट केलं तर दाब गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसतानाच खराब होतं. शाफ्ट काही तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि बेअरिंग कोमट करा. रबरी सील असलेलं बेअरिंग 80 अंशांच्या वर नेऊ नका.

शाफ्टच्या टोकाला चावीची खाच किंवा स्प्लाइन असते आणि तिच्या धारेने नव्या सीलचा ओठ कापला जातो. त्यावर पातळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळा, ग्रीस लावा आणि मगच शाफ्ट सरकवा. बऱ्याच पंपांत याच वेळी स्लिंगर घालावा लागतो: रिंग वीप होलच्या खाचेतून आत धरून ठेवायची आणि शाफ्ट तिच्यामधून पुढे न्यायचा. शाफ्ट सीलपर्यंत पोचला की परत काढणं त्रासाचं, म्हणून इथे थांबून खात्री करा. मग सर्क्लिप लावा आणि हाताने फिरवून बघा. शाफ्ट सारख्या जोराने फिरला पाहिजे.

वेअर प्लेट तिच्या खाचेत, मग कॅम. कॅमच्या मागे आणि त्याच्या स्क्रूला न सुकणाऱ्या सीलंटचा पातळ थर द्या. इंपेलरला किटमधलं ग्लिसरीन लावा, नाहीतर भांडी घासायचा लिक्विड साबण चालतो. साधं पेट्रोलियम ग्रीस निओप्रीन रबराला खराब करतं. फिरण्याच्या दिशेने पिळत इंपेलर आत ढकला, पाकळ्यांची टोकं मागे राहिली पाहिजेत.

पॅकिंग त्याच जाडीचं घाला. इथे जाडीच इंपेलर आणि कव्हरमधली फट ठरवते. जाड कागदाचं घरी कापलेलं पॅकिंग गळणार नाही, पण पंपाची ओढ घालवेल. फार पातळ असेल तर इंपेलर आवळला जाईल. स्क्रूंना थोडं ग्रीस लावून समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. पितळेतले आटे लवकर जातात, जोर लावायची गरज नसते.

बसवणं आणि चाचणी

पट्ट्याचा पंप असेल तर दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये ताण दिला असेल तर तोच ठेवा, नसेल तर पट्ट्याच्या मध्यावर अंगठा दाबल्यावर 10 ते 12 मिमी दबेल इतपत. गिअरवरच्या पंपाला नवं पॅकिंग किंवा ओ-रिंग लावा आणि इंजिन ऑइलची पातळी तपासा.

जाळीचं भांडं पाण्याने भरून झाकण लावा, सी-कॉक उघडा, मग किल्ली घ्या. इंजिन सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात एक्झॉस्टमधून पाणी आलं नाही तर बंद करा आणि हवा कुठून घेतोय ते शोधा. इंजिन पटकन सुरू होत नसेल आणि बराच वेळ स्टार्टर मारावा लागत असेल तर मात्र सी-कॉक बंद ठेवा. इंजिन चालू नसल्यामुळे पाणी बाहेर ढकलणारा धूर नसतो, पंप मात्र पाणी आणत राहतो, मफलर भरतो आणि पाणी सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. इंजिन धरलं की त्याच क्षणी सी-कॉक उघडा.

वीप होलखाली पुन्हा टिश्यू पेपर लावून अर्धा तास चालवा. नव्या ओठाला बसायला वेळ लागतो, सुरुवातीला एखाद-दुसरा थेंब आला आणि थांबला तर चालेल. धार नको. मग आयडलवर एक्झॉस्टखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते मोजा आणि आरपीएमसकट इंजिनाच्या वहीत लिहा. पुढच्या वेळी पाणी कमी वाटलं तर अंदाजाऐवजी हा आकडा असेल. पहिल्या दहा तासांनंतर पट्ट्याचा ताण आणि कव्हरचे स्क्रू एकदा बघून घ्या.

बोट हंगामभर उभी राहणार असेल तर इंपेलर काढून ठेवा, नाहीतर कॅमवरच्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात. काढल्याची चिठ्ठी किल्लीला बांधा. बोटीवर एक इंपेलर, दोन पॅकिंगं, कव्हरचे चार जादा स्क्रू आणि सीलचा एक संच कोरड्या डब्यात ठेवा. लांब जाणाऱ्या बोटीवर मात्र अख्खा तयार पंप ठेवावा, कारण हलत्या बोटीत पंप बदलता येतो, सील बसवता येत नाही.